फायलीबाहेरची गावं

२१ डिसेंबर २०१९ ला, शनिवारी, नागपूरच्या अधिवेशनात शेतकरी कर्जमुक्तीची घोषणा झाली. सोमवारी आमच्या शाखेचं शटर वर जायच्या आत बाहेर रांग लागली होती. दोन लाखांपर्यंतचं थकीत पीक कर्ज माफ होणार, एवढं सगळ्यांच्या कानावर आलं होतं. कोणाचं, कधी, कोणत्या कागदावर, हे विचारायला माणसं गावागावांतून आली होती. संध्याकाळी कॅश जुळवून झाल्यावर साहेब म्हणाले, "जानेवारी-फेब्रुवारीत कोणाला सुट्टी मागता यायची नाही. सहलीला जायचं असेल तर ह्याच चौथ्या शनिवारी."

ही सहल दोन वर्षं नुसती बोलण्यात होती. कधी मार्च एंड आडवा आला, कधी ऑडिट, कधी निवडणूक. त्या संध्याकाळी मात्र पंधरा मिनिटांत सगळं ठरलं. २८ आणि २९ डिसेंबर, आठ माणसं, एक क्रूझर आणि आपलाच जिल्हा. आमच्या कॅशियर काकांनी तर पहिल्याच वाक्याला सांगून टाकलं, "दूर काहून जायचं? मॅडमनं यवतमाळ कुठं पाह्यलं अजून?"

त्यांचं खरं होतं. मी साताऱ्याकडची. २०१७ मध्ये बदलीवर कळंब तालुक्यातल्या ह्या शाखेत आले. ऑर्डर हातात पडली तेव्हा नातेवाइकांपैकी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने एकच शब्द उच्चारला, आत्महत्या. त्यापलीकडे ह्या जिल्ह्याबद्दल कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. इथे आल्यावर दोन-अडीच वर्षांत मी शे-दीडशे गावं तोंडपाठ केली, पण फायलींतून. गावाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, थकबाकीची तारीख. काही गावांना प्रत्यक्ष गेले तीही वसुलीच्या जीपमधून. वसुलीची जीप दिसली की पारावरची माणसं उठून जातात, दारातली बाई आत वळते. गाव आपल्याकडे पाठ करून उभं असतं. अशा गावाला 'पाहिलं' कसं म्हणायचं?

शनिवारी सकाळी साडेसहाला यवतमाळच्या दत्त चौकात जमलो. त्या आठवड्यात विदर्भात कडाक्याची थंडी होती. कानटोप्या, मफलर, शाली ह्यांतून रोजचे चेहरे ओळखू येत नव्हते. पाटण्याकडचा आमचा नवा अधिकारी पहिल्यांदाच तर्री पोहे खात होता. पोह्यांवर ओतलेली चण्याची लालभडक तर्री पाहून तो क्षणभर थांबला, मग दुसरी प्लेट स्वतःच मागून घेतली.

पहिला थांबा कळंबचा चिंतामणी. शाखेत जाता-येता बाहेरूनच हात जोडलेलं हे देऊळ. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक. इतर देवळांत पायऱ्या चढून देवापाशी जायचं, इथे उतरून जायचं. मंदिर जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. एकेक पायरी उतरताना वरचा रस्ता, एसटीचा हॉर्न, फुलवाल्यांचा गलका मागे राहतो आणि गारवा वाढत जातो. गाभाऱ्यापाशी कुंड आहे. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी आपोआप चढतं, गणपतीच्या पायांना लागतं आणि ओसरतं, अशी लोकांची श्रद्धा. आमच्या शाखेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्या पायरीवर थांबून म्हणाले, "मी लहान होतो तवा पाणी चढलं होतं. बापानं खांद्यावर बसवून आणलं होतं मले." रोज माझ्या टेबलावर चहा ठेवणाऱ्या ह्या माणसाच्या बापाचा खांदा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, असं मला वाटलं.

कळंबहून राळेगावचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. कपाशीच्या उभ्या पिकाला इकडे पऱ्हाटी म्हणतात. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी परतीचा पाऊस असा बसला होता की फुटलेली बोंडं झाडावरच भिजली. पावसाआधीचा कापूस पांढराशुभ्र आणि नंतरचा पिवळट, डागाळलेला. डागी, किडका कापूस म्हणजे कवडी. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ५,५५० रुपये होता. कवडीला तो कोण देणार? फायलीत 'पीक : कपाशी' एवढाच रकाना असतो. तो पांढरा की पिवळा, हे लिहायला जागा नसते.

ह्याच राळेगावच्या पट्ट्यात टी-१ वाघीण फिरत होती, जिला सगळा देश अवनी म्हणून ओळखू लागला. दोन वर्षांत ह्या भागात तेरा माणसं गेली आणि त्यांचे मृत्यू तिच्या नावावर लागले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली. दादांची बहीण ह्याच बाजूला दिली आहे. ते सांगत होते, त्या दिवाळीच्या तोंडावर वेचणीला बाया मिळत नव्हत्या. कापूस फुटून ओघळत होता आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जायची कोणाची हिंमत नव्हती. पुरुष काठ्या घेऊन कडेला उभे राहायचे, मध्ये बाया वेचायच्या. आणि वाघीण मेल्याचं कळलं त्या दिवशी गावात फटाके फुटले, पण बहिणीच्या सासूला रात्री जेवण गेलं नाही. वाघिणीच्या दोन पिल्लांचं काय होईल, एवढंच ती म्हणत राहिली. मुंबई-पुण्यात त्या वेळी मेणबत्त्या पेटवणारे आणि टाळ्या वाजवणारे असे दोन तट पडले होते. दोन्ही बाजू एकाच घरात, एकाच म्हातारीच्या पोटात असू शकतात, हे मला त्या गाडीत कळलं.

दुपारचं जेवण दादांच्या थोरल्या भावाच्या शेतात होतं. रोडग्यांचं जेवण. विदर्भात सहल म्हणजे रोडगे हे ठरलेलं. आम्ही पोचलो तेव्हा लिंबाखाली गोवऱ्यांचा हार पेटून त्याचे निखारे झाले होते. वहिनी जाडसर कणीक भिजवून बसल्या होत्या. त्यात ओवा, मीठ, हळद आणि तेलाचं मोहन. एक लहान पुरी लाटायची, तिला तेल लावून गोळा करायचा. त्याच्यावर दुसरी पुरी गुंडाळायची, तिच्यावर तिसरी. असा पदरापदराचा गोळा निखाऱ्यात सोडायचा. शाखेतल्या दोघी क्लार्क मैत्रिणी पदर खोचून बसल्या आणि साहेब काडीने रोडगे उलटू लागले. साहेबांनी रोडगा लवकर उलटला की वहिनी सरळ "थांबा जी, अजून कच्चा हाय" म्हणायच्या आणि साहेब हात मागे घ्यायचे. जपानमध्ये कचेरीतल्या लोकांनी मिळून गावाकडे, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी सहलीला जायची जुनी रीत आहे, असं मी वाचलं होतं. तिथे अंघोळीनंतर सगळे सारखाच साधा सुती अंगरखा घालून एका पंगतीला बसतात. आमच्याकडे ते काम राखेने केलं. अर्ध्या तासात आठही जणांच्या हाताला, कपाळाला सारखीच राख लागली होती.

भाजलेला रोडगा फडक्यात धरून राख झटकली, मुठीने फोडला आणि त्याच्या पदरांत तूप सोडलं. सोबत तुरीचं वरण आणि चुलीवरची वांग्याची भाजी, वरून सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे इथे आलेल्या प्रत्येक परक्या माणसाला पहिल्या महिन्यात शिकावं लागतं. पळसाच्या पत्रावळीवरून वरण वाहून जाऊ नये म्हणून रोडग्याचाच बांध घालायचा, हे काकांनी मला दाखवलं.

जेवणाआधी हात धुवायला मी खोपडीत गेले तेव्हा खुंटीला एक कापडी पिशवी अडकवलेली दिसली. तोंड उघडं होतं. आत पासबुक, आधारच्या झेरॉक्सा, बियाण्याच्या पावत्या आणि आमच्या शाखेचं एक पाकीट. पाकीट बघताच कळलं. मार्च महिन्यात थकबाकीदारांना नोटिसा गेल्या होत्या, आणि त्यांवर सही माझी होती. गावाचं नाव मला माहीत होतं, गट नंबरही आठवला. ते शेत म्हणजे हे लिंबाचं झाड, ही विहीर, ही शिंगांना रंग लावलेली बैलजोडी, हे मात्र माहीत नव्हतं. माझी सही त्यांनी फाडली नव्हती, चुलीत घातली नव्हती. बियाण्याच्या पावत्यांसोबत, घडी न मोडता जपून ठेवली होती.

मी पंगतीत येऊन बसले. भाऊंनी माझ्या पत्रावळीवर तूप वाढलं आणि मी पुरे म्हटलं तरी आणखी वाढलं. अख्ख्या जेवणात कर्जाचा, यादीचा, बँकेचा शब्द कोणी काढला नाही. आठवडाभर ज्या एका प्रश्नासाठी माणसं पहाटेपासून रांगेत उभी होती, तो प्रश्न विचारायला त्यांच्यासमोर अख्खी शाखा मांडी घालून बसली होती. त्यांनी विचारला नाही. निघताना मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, सोमवारी ती पिशवी घेऊन या. मी स्वतः कागद बघते." ते हसले आणि म्हणाले, "आज तुमी पाव्हण्या हा, मॅडम. बँकेचं सोमवारी." आणि ओल्या तुरीच्या शेंगांची थैली त्यांनी गाडीत ठेवली.

वडकीला हमरस्ता लागला. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग जिल्ह्याच्या ह्या कडेने जातो. करंजी मागे टाकून पांढरकवड्याला पोचलो, दिवेलागणीला केळापूरच्या जगदंबेचं दर्शन घेतलं आणि टिपेश्वरच्या सुन्ना गेटाजवळ मुक्काम केला. दोनच दिवसांपूर्वी ग्रहणाची अमावास्या झाली होती. चांदण्यांशिवाय वर काही नव्हतं. शेकोटीभोवती तुरीच्या शेंगा उकडल्या आणि पाटण्याच्या मुलाने त्याच्या आजीकडून ऐकलेलं गाणं म्हटलं. भाषा कोणालाच पुरती कळली नाही, पण तो गाता गाता थांबला तेव्हा कोणी त्याला पुढचं म्हण म्हणालं नाही. घर सोडून नोकरी करणाऱ्यांना असं थांबणं कळतं.

टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं. पांढरकवडा आणि घाटंजी ह्यांच्यामध्ये पसरलेलं, बहुतेक सागाचं जंगल. टिपाई देवीवरून नाव पडलं. भोवताली गोंड आणि कोलामांची वस्ती. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. १९९७ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कोणी त्याची फारशी दखल घेतली नसेल. वाघ म्हटलं की माणसं ताडोब्याला जातात. पण ह्या लहानशा जंगलात वाघ वाढले, इतके की पोरं मोठी झाली की त्यांना जागा पुरेना.

पहाटे दोन जिप्सींत चादरी पांघरून बसलो. आमच्यासोबतचा गाईड जवळच्याच गावचा, विशीतला मुलगा. पहिला तासभर चितळ, एक सांबर, नीलगायींचा कळप, रस्ता ओलांडणारे मोर. मग एका वळणावर त्याने हात वर केला आणि जिप्सी थांबली. धुळीत ठसा होता. खाली उतरायची परवानगी नसते, म्हणून आम्ही सगळे एका बाजूने वाकलो. मोठी गादी, पुढे चार बोटं, नखांची खूण नाही. गाईड म्हणाला, "हे बघा, काल संध्याकाळच्या शेवटच्या गाडीच्या चाकाची नक्षी खाली हाय, अन् ठसा तिच्यावर. म्हणजे रातीचा. अन् ठशावर दव पडून धूळ बसली, म्हणजे पहाटेच्या आधीचा." एका ठशावरून त्याने रात्रीचा पटच उलगडून दाखवला. आम्ही रोज कागदांवरून माणसं वाचतो. इतकं नीट वाचतो का, असा प्रश्न मनात आला.

वाघ दिसला नाही. पण गाईडने एका वाघाची गोष्ट सांगितली आणि ती त्याच महिन्यातली होती. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो बाहेर पडला. तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला, आणि चालत चालत डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. १,३०० किलोमीटरहून जास्त चाल. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. पुढे कॉलर काढेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या घरात गेली. वाटेत कापसा-तुरीची शेतं, नाले, रस्ते, वस्त्या. रात्री चालायचा, दिवसा कुठल्याशा झुडपात पडून राहायचा. लाखो माणसांच्या धुऱ्यांवरून तो गेला आणि फार थोड्यांना दिसला. "मादी शोधत गेला," गाईड म्हणाला, "नाहीतर हक्काची जागा." त्या जिप्सीतले आम्ही बहुतेक जण बदलीवर आलेले. कोणी काही बोललं नाही.

परतताना घाटंजीवरून यवतमाळ गाठलं. दिवस कलायला आला होता. सगळ्यांना घरं दिसत होती, तेवढ्यात काका ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी जरा स्टेशनावर घे नं, बाप्पा." त्या स्टेशनावर गाडी येणं बंद होऊन काही वर्षं झाली होती.

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ही शकुंतला. ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, पुढे मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत दुसरी शाखा. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत न्यायला किलिक निक्सन ह्या इंग्रज कंपनीने तो बांधला. मँचेस्टरलाच बनलेलं वाफेचं इंजिन ह्या रुळांवर १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि आपली रेल्वे करारावर गाड्या चालवत राहिली. मूर्तिजापूरला पोचायला सहा-सात तास लागायचे. ही सगळी माहिती मी आधी वाचलेली होती. काकांनी सांगितलं ते वाचलेलं नव्हतं.

काका दारव्ह्याचे. १९८० च्या सुमारास ते यवतमाळला कॉलेजात होते, खोली करून राहायचे. आई रोज सकाळी दारव्हा मोतीबागेच्या स्टेशनावर जाऊन डबा गार्डाच्या हाती द्यायची. त्या गाडीचा गार्डच तिकिटं द्यायचा, गार्डच झेंडी दाखवायचा आणि गार्डच पोरांचे डबे पोचवायचा. "गाडीचा टाइम नक्की नसे," काका म्हणाले, "पण डबा नक्की असे. मी इथं उभा राहायचो. कधी दीड तास, कधी दोन तास. डब्याला माझं नाव नव्हतं. आईनं कडीला लाल दोरा बांधला होता, तीच ओळख. तीन वर्षांत एक डबा चुकला नाही."

मग ते रुळांत उतरले. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. एका रुळाला टाच लावून त्यांनी पावलाने अंतर मोजलं, तीन पावलंही पुरी भरली नाहीत. अडीच फूट. एवढ्याशा रुंदीवरून ह्या प्रदेशाचा सगळा पांढरा कापूस बाहेर गेला, आणि एका आईची भाकरी आत आली. आम्ही आठही जण त्या दोन रुळांच्या मधून एकामागून एक थोडं अंतर चाललो. सगळ्यांत पुढे काका, सगळ्यांत मागे साहेब.

सोमवारी दादांचे भाऊ पिशवी घेऊन आले. आधारचा एक आकडा खात्यात चुकलेला होता, तो दुरुस्त केला. पुढे यादी लागली तेव्हा त्यांचं नाव तीत होतं. त्या दिवशी ते काउंटरपाशी उभे राहिले, काही बोलले नाहीत, ओल्या हरभऱ्याची पेंडी ठेवून गेले. त्यानंतर मी थकबाकीदाराच्या नोटिसेवर सही केली नाही असं नाही. नोकरीचं काम आहे, करावंच लागतं. पण सही करण्याआधी गावाचं नाव वाचते आणि जरा थांबते. तिथे एक लिंबाचं झाड असणार, एक खुंटी असणार.

२०२१ मध्ये माझी बदली ठाण्याला झाली. काका निवृत्त झाले. २०२४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचा पहिला तुकडा सुरू झाला होता, वर्ध्याहून कळंबपर्यंत. काका खास यवतमाळहून कळंबच्या फलाटावर गाडी बघायला गेले होते.

"मॅडम, ब्रॉडगेज हाय, लय रुंद," ते म्हणाले. "वर्ध्याहून सेवाग्राम एक्स्प्रेस तुमच्या ठाण्याला थांबते नं? डबा पाठवू का? रोडगे दोन दिवस टिकतात."

मी म्हटलं, "पाठवा काका. कडीला लाल दोरा बांधा. मी फलाटावर उभी राहते."